लो-पास फिल्टर लावूनही शेजाऱ्यांच्या साउंडबारमधून माझा आवाज येतो, काय करू?

तुम्ही दिलेल्या माहितीवरून एवढं कळतं: हॅम (हौशी) रेडिओचा १०० वॅटचा रिग (सिग्नल पाठवणारा-घेणारा रेडिओ संच), गच्चीवर एंड-फेड (एका टोकाला सिग्नल दिलेला) वायर अँटेना, १४ मेगाहर्ट्झवर एसएसबी (आवाज पाठवण्याची एक पद्धत). तुम्ही बोलायला लागलात की शेजारच्या साउंडबारमधून घोगरा, शब्द न कळणारा आवाज येतो आणि अधूनमधून त्यांचं इंटरनेटही तुटतं. रिगच्या मागे लो-पास फिल्टर (ठरावीक मर्यादेच्या वरच्या फ्रीक्वेन्सी गाळणारा) बसवला, पण काहीच फरक पडला नाही. शेवटी आर्थिंगबद्दलही विचारलंत.

तो पडणारही नव्हता. लो-पास फिल्टर रिगमधून निघणारे हार्मोनिक (मूळ फ्रीक्वेन्सीच्या पटीतले नको असलेले सिग्नल) अडवतो, पण साउंडबारचं हार्मोनिकशी काही घेणंदेणं नाही. तुमचा १४ मेगाहर्ट्झचा मूळ सिग्नलच त्याच्या वायरींवर चढतो आणि आतल्या ॲम्प्लिफायरच्या एखाद्या ट्रान्झिस्टरच्या जंक्शनवर डिटेक्ट होऊन (म्हणजे ऐकू येणाऱ्या आवाजात बदलून) स्पीकरमधून बाहेर पडतो. फिल्टरचं काम हा सिग्नल अँटेनापर्यंत जाऊ देणं हेच आहे. एसएसबी असल्यामुळे आवाज घोगरा येतो. एएमवर तो स्पष्ट ऐकू आला असता, आणि एफएमवर बहुधा नुसती ‘टक’ किंवा घरघर आली असती. म्हणून कोणत्या मोडवर कसा आवाज येतो, हे शेजाऱ्यांना आधी विचारून घ्या.

स्वतःच्या स्टेशनपासून सुरुवात करा. ५० ओहमचा, १०० वॅट सोसणारा डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा, पॉवर जिरवणारा रोध) हाताभर कोॲक्सने (बाहेरून जाळी असलेल्या अँटेनाच्या केबलने) रिगला जोडा आणि नेहमीच्या पॉवरवर बोला. त्रास थांबला, तर जे काही होतंय ते अँटेना आणि त्याच्या कोॲक्समधून होतंय. डमी लोडवरही चालूच राहिला, तर आरएफ (रेडिओ लहरींची ऊर्जा) रिगच्या पेटीतून, पॉवर सप्लायच्या वायरीतून किंवा एखाद्या नीट सोल्डर न झालेल्या कनेक्टरमधून गळतंय. पीएल-२५९ या कोॲक्सच्या कनेक्टरची जाळी सोल्डर न करता नुसती दाबून बसवलेली असते, ती पहिली संशयित. दुसरी परीक्षा पॉवरची. १०० वरून २५ वॅटवर या. पॉवर चौथाई झाली की क्षेत्र (रेडिओ लहरींची तीव्रता) निम्मं होतं, म्हणजे ६ डीबी (डेसिबल) घट. तेवढ्यावर आवाज साफ गेला, तर साउंडबार सहनशक्तीच्या काठावर आहे आणि थोड्या फेराइटवर (केबलवरचं आरएफ अडवणारा चुंबकीय पदार्थ) काम भागेल. ५ वॅटवरही येत असेल, तर वाट मोठी उघडी आहे.

हे आकड्यांत पाहिलेलं बरं. डायपोलला (दोन सारख्या हातांचा साधा अँटेना) १०० वॅट दिले, तर १० मीटरवर ढोबळमानाने ७ व्होल्ट प्रति मीटर क्षेत्र मिळतं, २० मीटरवर ३.५. घरगुती उपकरणांची चाचणी साधारण ३ व्होल्ट प्रति मीटरला टिकतात का एवढीच होते, तीही ८० मेगाहर्ट्झच्या वर. त्याखाली केबलवर फार तर ३ व्होल्टचा आरएफ सोडून पाहतात. म्हणजे तुमचा रिग निर्दोष असला आणि साउंडबारही निर्दोष असला, तरी दोघांचं जमणार नाही. शेजाऱ्यांशी बोलताना हे सांगितलंत, तर ‘चूक कोणाची’ हा विषय लवकर संपतो.

आता एंड-फेडकडे. माझ्या मते तुमच्याकडे खरा घोटाळा इथे आहे. अशा अँटेनाच्या बुडाशी असणाऱ्या ४९:१ ट्रान्सफॉर्मरला काऊंटरपॉइज (परतीच्या करंटसाठीची वेगळी वायर) दिला नसेल, तर परतीचा करंट कोॲक्सच्या जाळीच्या बाहेरच्या बाजूने वाहतो. मग कोॲक्स हाही अँटेनाच, आणि तो घराच्या भिंतीला चिकटून, विजेच्या वायरिंगला समांतर खाली उतरतो. याला कॉमन-मोड करंट म्हणतात. खुणा सोप्या आहेत: कोॲक्सवर हात ठेवला की एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप) बदलतो, बोलताना माइकच्या धातूला ओठ लागले तर चटका बसतो, किंवा कॉम्प्युटरचं यूएसबी तुटतं. यातलं एक जरी दिसलं, तरी शेजाऱ्यांच्या घरात जाण्याआधी हे मिटवा.

त्यासाठी ट्रान्सफॉर्मरच्या जमिनीच्या टोकाला तरंगलांबीच्या ०.०५ पट लांब वायर काऊंटरपॉइज म्हणून जोडा. १४ मेगाहर्ट्झला सुमारे १ मीटर, ७ ला सुमारे २ मीटर. त्यानंतर कोॲक्सवर चोक (फेराइटवर केबलचे वेढे घालून केलेला आरएफचा अडथळा). एफटी२४०-३१ हा २.४ इंच व्यासाचा टोरॉइड (फेराइटचं कडं) घ्या आणि आरजी-५८ किंवा आरजी-४०० या कोॲक्सचे १० ते १२ वेढे त्यावर घाला. ७ मेगाहर्ट्झ आणि त्याखालीच काम करायचं असेल तर १४ ते १६, आणि २८ मेगाहर्ट्झसाठी ७ ते ९. वेढा मोजताना केबल मधल्या भोकातून जितक्यांदा गेली, तितके वेढे. पहिला आणि शेवटचा वेढा एकमेकांपासून लांब ठेवा, नाहीतर त्यांच्यातल्या कपॅसिटन्समधून आरएफ चोकला वळसा घालून निघून जातं. आरजी-५८ करकचून आवळू नका. आतलं प्लास्टिक दाबलं जाऊन मधली तार सरकते. आणि असा दुसरा चोक कोॲक्स घरात शिरते तिथे लावा, कारण मधल्या लांबीवर अँटेनाचं क्षेत्र पुन्हा करंट चढवतं.

मटेरियलबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. मिक्स म्हणजे फेराइटचा प्रकार: मिक्स ३१ एचएफसाठी (३ ते ३० मेगाहर्ट्झ) उत्तम, मिक्स ४३ एचएफच्या वरच्या टोकाला आणि व्हीएचएफच्या (३० मेगाहर्ट्झच्या वर) सुरुवातीला चालतो, मिक्स ६१ त्याहून वर. जुन्या पॉवर सप्लायमधून काढलेले पिवळ्या-पांढऱ्या रंगाचे टोरॉइड लोखंडाच्या भुकटीचे असतात. त्यांवर कितीही वेढे घातले तरी चोक होत नाही. बिनखुणेचे राखाडी टोरॉइडही विकत घेऊ नका. ओळखता येत नसेल, तर आधी एकावर वेढे घालून अॅनालायझरने (अडथळा मोजणारं यंत्र) तपासा.

अँटेनाची जागाही बघा. तुमच्या घराच्या मागे मोकळी जागा असेल तर तिकडे सरकवा. अंतर दुप्पट झालं की आणखी ६ डीबी घट मिळते, आणि त्याला काही खर्च येत नाही. वायरचं मोकळं टोक शेजाऱ्यांच्या भिंतीजवळ नको. तिथेच व्होल्टेज सर्वांत जास्त असतं. कोॲक्स वायरपासून काटकोनात निदान पाव तरंगलांबीभर लांब न्या.

यानंतरही आवाज येत असेल, तर साउंडबार. आधी त्याची सगळी जोडणी काढा, फक्त पॉवरची केबल ठेवा. आवाज येतो का? नसेल, तर एकेक केबल परत लावा: वूफरची वायर, एचडीएमआय, ऑप्टिकल. (ऑप्टिकलमध्ये धातू नसतो, म्हणून ती निर्दोष. उलट एचडीएमआयऐवजी ऑप्टिकल वापरून पाहणं हाच एक स्वस्त उपाय आहे.) १४.२ मेगाहर्ट्झची पाव तरंगलांबी ५.३ मीटर होते, म्हणजे खोलीच्या कडेने नेलेली स्पीकरची वायर जवळपास तेवढीच भरते आणि ती झकास अँटेना होते. एका केबलवर आवाज अर्धवट कमी झाला, तर तिचा चोक काढून टाकू नका. आरएफच्या वाटा दोन-तीन असतात, आणि एक बंद केली तरी दुसरी चालू असेपर्यंत फरक जाणवत नाही. लोक नेमके इथेच फसतात: चोक लावला, उपयोग नाही, काढला, दुसरीकडे लावला, उपयोग नाही, काढला. सगळे लागलेले राहू द्या.

केबलवरचे चोकही वेढ्यांचेच हवेत. केबलवर कडकन बंद होणारा क्लिपचा फेराइट एकदाच घातला, तर १४ मेगाहर्ट्झवर त्याचा अडथळा १०० ओहमच्या आतच राहतो. अडथळा वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे त्याच फेराइटमधून केबल चार वेळा नेली की ढोबळमानाने सोळा पट. निदान १००० ओहम हवेत, ५००० मिळाले तर उत्तम. अर्धामुर्धा चोक कधीकधी त्रास वाढवतो: केबलचा स्वतःचा स्वभाव त्या फ्रीक्वेन्सीला कपॅसिटिव्ह असेल, तर थोडा इंडक्टन्स तो रद्द करतो आणि करंट उलट वाढतो. मग माणूस म्हणतो फेराइट बोगस. स्पीकरच्या दोन्ही तारा एकत्र, एकाच टोरॉइडवरून घ्या आणि टोरॉइड साउंडबारच्या टोकाशी, अगदी चिकटून ठेवा. स्पीकरच्या टर्मिनलवर कपॅसिटर बसवायचा जुना सल्ला वाचनात येईल. आजचे काही ॲम्प्लिफायर त्याने अस्थिर होतात, म्हणून तो टाळा.

इंटरनेटची गोष्ट थोडी वेगळी. टेलिफोनच्या तारेवर व्हीडीएसएल इंटरनेट असेल, तर त्याचा पट्टा सहसा १७ मेगाहर्ट्झपर्यंत जातो आणि ७, १० व १४ मेगाहर्ट्झचे हॅम बँड त्याच्याच आत आहेत. तिथे ‘बाहेरचा’ सिग्नल गाळता येत नाही. तार संतुलित ठेवणं एवढंच हातात असतं. मोडेमपर्यंतची चपटी टेलिफोन केबल काढून पीळ असलेली जोडी लावा, तिच्यावर मिक्स ३१ चा चोक घाला, आणि मोडेमच्या ॲडाप्टरच्या वायरीवर दुसरा. फायबर असेल, तर फक्त राउटरची पॉवर आणि ईथरनेट केबल बघा.

आर्थिंगबद्दल तुम्ही शेवटी विचारलंत. विजेच्या सुरक्षेसाठी आणि वीज पडण्यापासून बचावासाठी ते हवंच, आणि त्रास कमी करण्यासाठी साउंडबारच्या किंवा रिगच्या प्लगची आर्थ पिन कधीही तोडू नका. पण जमिनीत आणखी एक सळई ठोकून हा त्रास जात नाही. वरच्या मजल्यावरून जमिनीपर्यंतची ५ मीटर तार १४ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी असते आणि तिचं वरचं टोक आरएफला आर्थ वाटतच नाही. त्यापेक्षा रिग, ट्यूनर (अँटेना रिगशी जुळवणारी पेटी), पॉवर सप्लाय आणि कॉम्प्युटर यांच्या पेट्या जाड, आखूड पट्टीने एकमेकांना जोडा.

लो-पास फिल्टर काढून टाकू नका मात्र. तो रिग आणि ट्यूनर यांच्या मध्येच हवा, कारण ५० ओहमच्या जागीच तो नीट काम करतो. ट्यूनरच्या पलीकडे, वाढलेल्या एसडब्ल्यूआरमध्ये तो तापतो. १४.२ चा सातवा हार्मोनिक ९९.४ मेगाहर्ट्झला पडतो, म्हणजे एफएम रेडिओच्या पट्ट्यात, तेव्हा कुणी रेडिओची तक्रार केली तर तो उपयोगी पडेल. आणि शेजाऱ्यांकडे छतावरचा टीव्ही अँटेना बूस्टरसह असेल, तर टीव्हीसाठी हाय-पास फिल्टर (खालच्या फ्रीक्वेन्सी अडवणारा) बूस्टरच्या अँटेनाकडच्या बाजूला बसवायचा. बूस्टर एकदा संपृक्त झाला (जोरदार सिग्नलने भरून गेला) की नंतर गाळून काही उरत नाही. बूस्टरला कोॲक्सनेच वीज जाते, म्हणून चुकून खालच्या बाजूला लावलेला फिल्टर ती वीजच अडवू शकतो.

बोलताना एएलसीचा काटा (रिग पॉवर आपोआप किती आवरतोय ते दाखवणारा) सारखा टोकाला जात असेल तर माइक गेन कमी करा; सिग्नल कापला जाऊन शेजारच्या फ्रीक्वेन्सीवर पसरतो, आणि एफटी८ साठी (कॉम्प्युटरवरून चालणारी डिजिटल पद्धत) एएलसी जवळपास शून्यावर हवा.