कपाटातली कसर आणि भिंतीची ओल: स्प्रे कुठला मारू?

तुम्ही विचारलंय की बाथरूमच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात पुस्तकांमधून चंदेरी किडे पळतात, कुठला स्प्रे मारू. ती कसर आहे. चावत नाही, रोगही पसरवत नाही, पण खळ, डिंक, कागद, स्टार्च केलेल्या साड्या सगळं खाते. पान वरवर खरवडल्यासारखं पातळ झालं असेल तर कसरच, आरपार गोल भोकं असतील तर तो दुसरा किडा, भुंग्याची अळी असते.

स्प्रे मारा हवं तर, पण ओल आहे तोवर ती परत येणारच, कारण तिला दमट हवाच लागते आणि एकेक कसर दोन-तीन वर्षं सहज जगते. आम्ही कोकणातले, पावसाळ्यात हेच बघत मोठे झालो. तर आधी ओल कुठून येतेय ते बघा. भिंत पुसून त्यावर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस राहू दे, आतून पाणी धरलं तर ओल भिंतीतून येतेय म्हणजे प्लंबरला बोलवून टाइल्सचे जॉइंट, नळाची लाइन तपासून घ्या, बाहेरून धरलं तर खोलीतली हवाच दमट आहे.

कपाट भिंतीपासून चार बोटं तरी पुढे ओढा, मागे वारा खेळू दे. खालचा पुठ्ठा, रद्दी, जुने खोके आजच बाहेर काढा, तिथेच अंडी असतात. खाचांमध्ये बोरिक पावडर अगदी पातळ टाका, घरात रांगणारं मूल किंवा मांजर असेल तर नकोच. डांबरगोळ्याही तान्ह्या बाळाच्या कपड्यांत अजिबात ठेवू नका प्लीज, काही बाळांना त्याने रक्ताचा गंभीर त्रास होतो. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर खडखडीत वाळवून, ओला ठेवलात तर बुरशी येईल.

एखादं जुनं जपायचं पुस्तक असेल तर पिशवीत हवाबंद करून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, पिशवीतच रूमच्या तापमानाला येऊ दे, नाहीतर पानांना पाणी सुटतं.

आणि रंगाची घाई नको. दिवाळीच्या आधी ओल्या भिंतीवर पुट्टी मारून घेतली की पुढच्या पावसात पोपडे धरतातच. ऑक्टोबरच्या उन्हात भिंत नीट सुकू दे, मग रंगवा.