दम किती लागू द्यायचा? स्मरणशक्ती आणि चिंतेसाठी उत्तर एकच नाही

परीक्षेचा अभ्यास चालू आहे, चिंतेचा त्रास आहे, एक जण 'नुसतं चाला' म्हणतो, दुसरा 'हिट करा' (थोडा वेळ जीव तोडून, मग थोडी उसंत, असा आलटून-पालटून व्यायाम) म्हणतो, आणि जोरात पळालं की छातीत धडधडून घाबरायला होतं, असा तुमचा प्रश्न आहे. आधी धडधडीचं बघू, कारण तिथेच लोक व्यायाम सोडून देतात.

वेगात पळताना नाडी वाढते, धाप लागते, घाम फुटतो, पाय थरथरतात. पॅनिक अटॅकमध्ये, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यातही हेच होतं. ज्याला आपल्याच धडधडीची भीती बसली आहे, त्याचा मेंदू या खुणांना धोका समजतो. १९६७ मध्ये पिट्स आणि मॅक्लूर यांनी चिंतेच्या रुग्णांना शिरेतून लॅक्टेट (जोराच्या श्रमात स्नायूंत तयार होणारा पदार्थ) दिलं, तेव्हा अनेकांना भीतीचे झटके आले. व्यायामातही लॅक्टेट वाढतं, म्हणून अशा रुग्णांनी दमछाक टाळावी असा समज पसरला. तो टिकला नाही. जर्मनीत १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पॅनिकचे रुग्ण दहा आठवडे नियमित धावले आणि नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा बरे झाले. क्लोमिप्रामिन हे औषध मात्र धावण्यापेक्षा लवकर आणि जास्त लागू पडलं, हेही सांगायला हवं. धडधड होते, काही वाईट घडत नाही आणि ती आपोआप ओसरते, हे शरीराला पुन्हा पुन्हा दिसलं की भीती सैल होते. त्यामुळे जोराचा व्यायाम तुम्हाला वर्ज्य नाही. फक्त सुरुवात तिथून करू नका.

पहिले काही आठवडे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतक्याच वेगाने चाला. मग मध्येच अर्धा-एक मिनिट पळा आणि धाप खाली येईपर्यंत पुन्हा चाला. ती खाली येताना लक्ष द्या, लगेच फोन काढू नका.

आता पाठांतर. इथे जोरापेक्षा व्यायाम कधी करता ती वेळ जास्त महत्त्वाची, असं माझं मत आहे. २०१६ च्या एका डच प्रयोगात लोकांनी चित्रांच्या जागा लक्षात ठेवल्या. शिकल्यानंतर चार तासांनी ज्यांनी कमाल नाडीच्या साधारण ८० टक्क्यांपर्यंत सायकल मारली, त्यांना दोन दिवसांनी जास्त आठवलं. लगेच सायकल मारणाऱ्यांना तो फायदा दिसला नाही. उलट जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या २००७ च्या प्रयोगात शब्द शिकण्याआधी दोन छोट्या, जीव तोडून मारलेल्या धावा घेतलेल्यांनी २० टक्के वेगाने शब्द उचलले. दोन्ही प्रयोग छोटे आहेत, तेव्हा त्यांवर वेळापत्रक बांधू नका. पण सकाळी वाचलेलं असेल तर दुपारी पळून बघायला काय हरकत आहे?

लांबच्या पल्ल्याला मध्यम वेगाचं चालणंही कामी येतं. २०११ च्या अमेरिकन अभ्यासात १२० वयस्कर माणसांपैकी निम्मे वर्षभर आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं चालले आणि त्यांच्या मेंदूतला स्मृतीचा भाग, हिप्पोकॅम्पस, सुमारे दोन टक्के वाढला. नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांचा तो कमी झाला.

बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारी गोळी) चालू असेल तर घड्याळातल्या नाडीवर जोर मोजू नका, गोळीमुळे ती दबलेली असते; बोलून बघणंच खरं. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर आधी डॉक्टर, आणि बरं वाटतंय म्हणून चालू औषध मनाने बंद करू नका.