आधी तो तिसरा प्रश्न

प्रिय,

तुझा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. कोडिंग स्पर्धांसाठी सी प्लस प्लस ही भाषा सोडून पायथन घेऊ का, की जावा, कुठली प्लेलिस्ट आधी बघू, आणि खाली ११ लिंका. त्यातल्या कुठल्या यादीतले किती प्रश्न सुटले, हे मात्र कुठेच नाही. मला तेवढंच हवं होतं.

चार महिने सी प्लस प्लस लिहितेयस ना? मग तीच. ती सेकंदाला साधारण १० कोटी साध्या क्रिया उरकते, सॉर्ट (क्रम लावणं), सेट, मॅप ही अवजारं तयार मिळतात, आणि बहुतेक एडिटोरियलमधला, म्हणजे स्पर्धेनंतर येणाऱ्या उत्तरांतला, कोडही तिच्यातच असतो. पण हेच चार महिने पायथनमध्ये काढले असतेस, तर म्हटलं असतं, पायथन ठेव आणि पायपायवर, म्हणजे पायथन वेगाने चालवणाऱ्या प्रोग्रामवर, चालव. धरलंयस ते सोडू नकोस, एवढंच माझं म्हणणं आहे.

शनिवारच्या स्पर्धेतला तुझा तिसरा प्रश्न उघडून पाहिला. सातव्या टेस्टवर राँग अ‍ॅन्सर आला आणि तू भाषेवर चिडलीस. बेरीज इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकांच्या साध्या प्रकारात, ठेवलीयस. त्यात २१४७४८३६४७ च्या पुढे काही मावत नाही, आणि इथे एकेक संख्याच १०० कोटींपर्यंत आहे. लाँग लाँग हा मोठा प्रकार लिहिला की झालं. पायथनमध्ये ही चूक झाली नसती, कबूल. पण त्याच कोडमध्ये लूपच्या आत लूप आहे आणि एन (यादीत किती संख्या) २ लाखांपर्यंत जातो. म्हणजे ४००० कोटी फेऱ्या. पायथनमध्ये तर टाइम लिमिट अजून लवकर आडवं आलं असतं. आधी सॉर्ट कर, मग दोन टोकांकडून पॉइंटर (जागा दाखवणाऱ्या खुणा) आत आण. काम ३५-४० लाखांवर येईल. हे तुला येतं, मागच्या महिन्यात तू स्वतः केलंयस. मग भाषा बदलायचं कुठून आलं?

मला माहीत आहे कुठून आलं. मी दोन वर्षांत तीन भाषा बदलल्या, आणि तिन्ही वेळा स्पर्धा वाईट गेल्यावरच. मग एक टीमची फेरी आली: तिघांत एक कॉम्प्युटर, शेवटची २० मिनिटं. कल्पना बरोबर होती. तीन आठवड्यांपूर्वी घेतलेल्या भाषेत मीच लिहिणार म्हणून कीबोर्ड ओढून घेतला. कंपॅरेटरमध्ये, म्हणजे दोन घटकांतला आधी कुठला ते सॉर्टला सांगणाऱ्या फंक्शनमध्ये, ‘लहान’च्या जागी ‘लहान किंवा समान’ लिहिलं. दोन घटक समान असतील तर तिथे फॉल्स यायला हवं, हे तेव्हा मला ठाऊकच नव्हतं. रनटाइम एरर, पुन्हा रनटाइम एरर, वेळ संपली. त्या दोघांनी मला कधी बोलून दाखवलं नाही, ते अजून लागतं.

त्यानंतर एका भाषेला चिकटून राहिलो तर लोक हेकेखोर म्हणाले. म्हणू देत. एका भाषेतल्या आपल्या चुका ओळखीच्या होईपर्यंत तिथेच थांबावं लागतं, आणि त्याला वर्ष लागतं. मी ते वर्ष उशिरा दिलं.

बाकी लिंका बंद कर. सीएसईएस या साइटचा प्रश्नसंच पुरे: सुरुवातीचा भाग, मग सॉर्टिंग आणि सर्चिंग, क्रमाने, मधला प्रश्न न टाळता. आठवड्याला जपानी स्पर्धा-साइट अ‍ॅटकोडरची एक बिगिनर स्पर्धा दे. सेगमेंट ट्री या पुढच्या पायरीच्या डेटा रचनेचं विचारलंयस. कोडफोर्सेस या स्पर्धांच्या साइटवर रेटिंग १२०० च्या खाली असताना तिची घाई कशाला? दर वेळी निम्मी यादी वगळत शोधणारा तुझा बायनरी सर्च अजून सीमेवर एकाने चुकतो, आधी तो पक्का कर. अडलीस तर तासभर कागदावर झगड, मगच एडिटोरियल वाच. वाचून मिटव आणि दुसऱ्या दिवशी न बघता लिही. ‘समजलं’ म्हणून पुढे जाऊ नकोस, हे मी तुला तिसऱ्यांदा सांगतोय आणि मला राग येतोय. राग येतो कारण तुझी विचार करायची पद्धत चांगली आहे, त्या वयात माझी नव्हती.

तिसरा प्रश्न आज रात्री पुन्हा लिही, सी प्लस प्लसमध्येच. अ‍ॅक्सेप्टेड झाला की कोड पाठव, कंपॅरेटर असला तर तो आधी बघीन.