जपानमध्ये यजमान कुटुंबासोबत राहून शिकताना रोजचे आयुष्य कसे असते? शाकाहारी विद्यार्थ्याचा निभाव लागतो का?

जपानी भाषा शिकण्यासाठी जाताना वसतिगृह निवडावे की यजमान कुटुंब, तेथे दिवस कसा जातो आणि शाकाहारी माणसाचे जेवणाचे काय होते, असे तुम्ही विचारले आहे. मी पुण्यात जपानी शिकून विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेतून ओकायामाला गेले होते आणि तेथे एका कुटुंबात राहिले. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभारले आहे, ती मूळ बाग याच शहरात आहे. भाषा हेच तुमचे मुख्य उद्दिष्ट असेल, तर नि:शंकपणे कुटुंब निवडा. मात्र विज्ञानशाखेत संशोधनासाठी जाणार असाल आणि प्रयोगशाळेत रात्री उशिरापर्यंत थांबावे लागणार असेल, तर वसतिगृह घ्या, कारण जपानी घर वेळेवर चालते आणि त्या घरात राहणाऱ्यालाही त्याच वेळा पाळाव्या लागतात.

सकाळची वेळ घाईची असते. भात, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) घातलेले सूप किंवा पाव-अंडे असे काहीतरी खाऊन प्रत्येक जण आपापल्या वाटेला लागतो आणि विद्यार्थी बहुधा सायकलने स्टेशनवर किंवा थेट वर्गात जातो. घराचा खरा दिवस संध्याकाळी सुरू होतो. रात्रीचे जेवण साधारण साडेसहा-सातला असते आणि ते माणसे मोजून केलेले असते, त्यामुळे बाहेर जेवणार असाल किंवा उशीर होणार असेल, तर दुपारीच कळवावे लागते. कळवले की कोणीही नाराज होत नाही; न कळवता ताट वाट पाहत राहिले, तर तोंडावर कोणी बोलत नाही, पण मनाला लागते. आपल्याकडे ऐनवेळी आलेल्या पाहुण्यासाठी आमटीत पाणी वाढवता येते, तशी सोय त्या स्वयंपाकात नसते, हे लक्षात घेतले की त्यांचा आग्रह समजतो.

स्नानाबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण पूर्वतयारी नसेल तर सर्वांत अधिक संकोच येथेच वाटतो. टबमधले गरम पाणी घरातल्या सर्वांसाठी एकच असते. आधी टबाबाहेर, खालच्या स्टुलावर बसून साबण लावून अंग आणि केस पूर्ण धुवायचे, साबणाचा फेस राहू द्यायचा नाही आणि मगच केवळ शेकण्यासाठी टबमध्ये उतरायचे. बाहेर आल्यावर पाणी सोडून द्यायचे नाही. उष्णता टिकावी म्हणून झाकण लावायचे, कारण तुमच्यानंतर दुसऱ्याचा क्रम असतो आणि अनेक घरांत उरलेले पाणी कपडे धुण्यासाठीही वापरतात. केसांना तेल लावण्याची सवय असेल, तर ते शाम्पूने नीट काढून, केस वर बांधूनच टबमध्ये बसा. नव्या माणसाला पहिला मान देण्याची पद्धत पुष्कळ घरांत आहे. तो मान मिळाला, तर आनंदाने स्वीकारा.

शाकाहाराचा प्रश्न सुटतो, पण त्यासाठी आधी स्पष्ट बोलावे लागते. "मी मांस खात नाही" एवढेच सांगितले, तर मासे चालतात असा समज होऊ शकतो. खरी अडचण समोर दिसणाऱ्या माशाची नसून दाशीची, म्हणजे रश्शाच्या पायाभूत अर्काची असते. तो बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या कीसापासून किंवा लहान सुक्या माशांपासून काढतात आणि मिसो सूप, उदोनचा (गव्हाच्या जाड नूडल्सचा) रस्सा, शिजवलेल्या भाज्या अशा निरुपद्रवी दिसणाऱ्या पदार्थांतही तो असतो. कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि सुके शिताके मशरूम यांची दाशी मात्र पूर्ण शाकाहारी असते आणि यजमानीणबाईंना तिची कृती बहुधा माहीत असते. तोफू, नात्तो (आंबवलेले सोयाबीन), भात, भाज्या यांवर उत्तम भागते. आठवड्यातून एकदा तुम्हीच स्वयंपाक करण्याची तयारी दाखवा. वरण-भात आणि बटाट्याची भाजी माझ्या घरी सर्वांना आवडत असे. फोडणी देताना पंखा लावा आणि मिरची बेताने घाला.

कचरा वेगळा करण्याचे नियम शहरागणिक बदलतात. प्लॅस्टिकच्या बाटलीचे झाकण व वेष्टन काढून ती विसळणे आणि ठरलेल्या दिवशी सकाळीच कचरा बाहेर ठेवणे ही कामे पहिल्याच आठवड्यात स्वतःहून शिकून घ्या. थंडीचीही कल्पना असू द्या: ओकायामात बर्फ क्वचित पडतो, पण घर सर्वत्र तापवण्याची पद्धत नसल्यामुळे माणसे असतील तेवढीच खोली उबदार असते. संध्याकाळी सर्व जण कोतात्सूभोवती, म्हणजे खाली हीटर आणि वर गोधडी असलेल्या बुटक्या टेबलाभोवती बसतात. माझे बोलणे सुधारले ते त्या टेबलाशीच. वर्गात आदरार्थी, पूर्ण वाक्ये शिकवतात. घरात आजी स्थानिक बोलीत अर्धी वाक्ये बोलते, बातम्यांवर वाद होतो, शेजारच्या लग्नाची चर्चा चालते, आणि हे सारे कानावर पडत राहिल्याखेरीज भाषा अंगवळणी पडत नाही.

अर्धवेळ नोकरीचा विचार असेल, तर परवानगी घेतल्यावर विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 28 तासांपर्यंत काम करता येते. तथापि कुटुंबात राहताना उपाहारगृहातली रात्रीची पाळी शक्यतो घेऊ नका. घरी उशिरा परतणाऱ्यासाठी कोणीतरी जागे राहते. मुक्काम दीर्घ असेल, तर नव्या पत्त्याची नोंद 14 दिवसांच्या आत स्थानिक कार्यालयात करावी लागते आणि त्यासाठी यजमानांपैकी कोणी सोबत आले, तर काम सोपे होते.

कुटुंबनिवडीच्या अर्जात आहार, ॲलर्जी, पाळीव प्राण्यांची भीती, धूम्रपान यांविषयी विचारतात. तेथे "काहीही चालेल" असे लिहू नका. मांस, मासे, माशाचा अर्क आणि अंडी यांपैकी काय चालते आणि काय नाही, हे एकेक करून जपानीत लिहा आणि त्याची एक प्रत पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात देण्यासाठी जवळ ठेवा.