शिबिराआधी वही काढा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पेठ तालुक्यातलं दीड हजार वस्तीचं गाव, तुम्ही नवे उपसरपंच, आणि नाशिकहून डॉक्टर बोलावून बीपी-शुगरचं मोठं शिबिर घ्यायचंय, ते कसं घ्यावं असं विचारलंय. मी एकतीस वर्षं आरोग्य सेविका होते, त्यातली बरीच सुरगाणा आणि दिंडोरीत गेली. माझं ऐकाल तर शिबिर घेऊ नका. निदान यंदा तरी नको.

शिबिरात माणूस पाड्यावरून चालत येतो, तंबाखू मळत रांगेत उभा राहतो, खुर्चीत टेकतो न टेकतो तोच दंडाला पट्टा. बीपी वाढलेलंच येणार. पाच मिनिटं गप्प बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, दंड छातीच्या रेषेत, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही. मग मोजायचं, तेही दोनदा. १४०/९० च्या वर आलं तरी दुसऱ्या दिवशी परत बघायचं. तीनशे माणसांच्या गर्दीत हे कोण करतं? आणि तपासणी तशीही चालूच असते. आशाताई तिशीपुढच्या प्रत्येकाचा फॉर्म भरतात, आपल्या आदिवासी भागात ३,००० लोकवस्तीमागे उपकेंद्र धरलेलं आहे, आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. आजार सापडतो हो. गोळी सुटते, तिथे घोळ आहे.

माझीच गोष्ट सांगते. एका पाड्यावरच्या बाबांचं बीपी १८० च्या घरात होतं. गोळ्या सुरू केल्या, चार महिन्यांत खाली आलं. भातकापणी झाली आणि ते घरच्यांसोबत निफाडकडे द्राक्षाच्या कामाला गेले. मी रजिस्टरात त्यांच्या नावापुढे ‘स्थलांतरित’ लिहिलं आणि पान उलटलं. रकाना भरला, अहवाल बरोबर गेला, वरून शाबासकीही मिळाली. होळीला त्यांना जीपमधून आणलं तेव्हा उजवी बाजू गेलेली होती. गोळ्या महिनाभरात संपल्या होत्या. तिथल्या सरकारी दवाखान्यातही तीच गोळी फुकट मिळते, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. कोणी म्हणजे मीच.

म्हणून म्हणते, आधी एक साधी शंभर पानी वही काढा. गोळी चालू असलेल्या प्रत्येकाचं नाव, गोळीचं नाव, शेवटची पाकिटं कधी घेतली, आणि हा माणूस कुठे कामाला जातो. चौथा रकाना सरकारी रजिस्टरात मला कधी दिसला नाही, तुमच्या वहीत तो हवाच. किती जणांना तपासलं ते मोजू नका, या महिन्यात किती जणांनी गोळ्या नेल्या ते मोजा. पोळ्यापर्यंत यादी करून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना द्या आणि ज्यांचं बीपी स्थिर आहे त्यांना जाताना दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देता येतील का ते विचारा. ते साठ्यावर असतं, आणि मागणी आधी गेली तरच साठा येतो. ऐन दिवाळीत विचारलंत तर नाहीच म्हणतील. गोळीच्या चिठ्ठीचा फोटो घरातल्या पोराच्या मोबाइलमध्ये ठेवायला सांगा. कागद पावसात नाहीतर चुलीत जातो.

गोळी का सोडतात तेही ऐका. ‘एकदा लागली की सवय लागते’ हे तर प्रत्येक पाड्यावर ऐकाल. पण काहींना अ‍ॅम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने पायाला सूज येते, ते घाबरून गप्पच बंद करतात. डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलून मिळते. दुसरं, द्राक्षाच्या मांडवाखाली दिवसभर हात वर करून काम. खांदे भरून येतात, मग संध्याकाळी दुकानातून अंगदुखीची गोळी. रोज रोज ती खाल्ली की बीपी वाढतं आणि किडनीवर ताण येतो, आणि माणूस म्हणतो सरकारी गोळी लागू पडत नाही. हे विचारल्याशिवाय कळत नाही, कारण त्यांच्या लेखी ते औषधच नाही.

शुगरवाल्यांना एवढंच: ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन उपाशीपोटी शेतात जायचं नाही, शुगर एकदम उतरते. घाम, थरथर, डोळ्यापुढे अंधारी आली की लगेच गूळ किंवा साखर तोंडात टाकायची, म्हणून खिशात गुळाचा खडा हवा. भाताच्या आवणीच्या दिवसांत घरी आल्यावर पाय धुऊन, पुसून, बोटांच्या मधे बघायचं. बधिर पायाला काटा लागलेला कळत नाही. खाण्यावर भाषण देत बसू नका. नागली चांगली म्हणून ताटभर भाकरी चालते असं नाही, आणि मीठ भाजीपेक्षा लोणच्या-सुकटीतून जास्त जातं, इतकं सांगितलं तरी पुरे.

पैशाचं म्हणाल तर शिबिराच्या मंडपापेक्षा हे स्वस्त आहे. पेठ पूर्ण पेसाखाली, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखाली येतो. त्यातून ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या ५ टक्के अबंध निधीत आरोग्यावर खर्च करता येतो, ग्रामसभेचा ठराव करा. सेलवर चालणारं बीपी मशीन घ्या, पट्टे दोन मापांचे घ्या, कारण बारीक दंडाला मोठा पट्टा लावला की आकडा चुकतो. शुगर तपासायच्या पट्ट्या घेताना मुदत बघा, स्वस्तात मिळाल्या म्हणून डबेच्या डबे भरू नका.

वही आशाताईंच्या गळ्यात मारू नका, त्यांच्याकडे आधीच ढीगभर आहेत. बचत गटाच्या बायकांपैकी लिहिता येणारी एखादी बघा. आणि कोणती टोळी कोणत्या मुकादमासोबत कुठे गेलीय हे किराणा दुकानदाराला विचारा. उधारी त्याच्याकडे असते, त्याला सगळ्यांचे पत्ते ठाऊक असतात.