ओटीवरच्या चपला

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या भाषणाचं टिपण मिळालं. ‘परकीय वकिलाती बंद करा, संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक हाकला’ ही ओळ तू लाल शाईने लिहिली आहेस. तुझ्या रागाला मूळ आहे, आणि ते आपल्या रत्नागिरीतच सापडतं.

संध्याकाळी तुम्ही पोरं थिबा पॉइंटवर बसता. ब्रह्मदेशचा तो थिबा राजा इथे कसा आला ते नीट समजून घे. मंडालेच्या दरबारात राजापुढे जोडे काढून बसायची रीत होती. आपल्याकडे पाहुणा ओटीवर चपला काढतो, तितकी साधी. १८७५ च्या सुमारास इंग्रजांनी आपल्या रेसिडेंटला, म्हणजे दरबारातल्या प्रतिनिधीला, जोडे काढायची मनाई केली आणि राजाच्या भेटीच बंद पडल्या. पुढे १८८५ मध्ये एका लाकूड कंपनीला झालेल्या दंडाचं निमित्त करून निर्वाणीचा खलिता गेला: आमचा प्रतिनिधी ठेवून घ्या, मानहानीच्या रिवाजाशिवाय त्याला भेट द्या, परराष्ट्र व्यवहार हिंदुस्थान सरकारच्या सल्ल्याने चालवा. नोव्हेंबर संपायच्या आत थिबा कैदेत होता. १९१६ मध्ये तो इथेच वारला, मायदेश पुन्हा न बघता. परक्या वकिलाच्या, म्हणजे राजदूताच्या, जोड्यापाठोपाठ पलटण येते हे आपल्या लोकांनी सोसलंय, म्हणून तुझ्या संशयाला मी वेडेपणा म्हणणार नाही.

पण राजापूरही आपलंच. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात तिथल्या वखारीतल्या इंग्रजांनी सिद्दी जौहरसाठी तोफा डागल्या, तेही स्वतःचं निशाण लावून. महाराजांनी १६६१ मध्ये वखार लुटली आणि त्या माणसांना १६६३ पर्यंत कैदेत ठेवलं. व्यापारी म्हणून आले आणि तोफ डागली, त्याची ती शिक्षा. आणि १६७४ मध्ये त्याच ईस्ट इंडिया कंपनीचा हेन्री ऑक्झिंडेन रायगड चढून आला, तेव्हा महाराजांनी त्याला राज्याभिषेकाला बसवून घेतलं. त्याने तहाची वीस कलमं पुढे ठेवली. राजापूरच्या नुकसानीची भरपाई महाराजांनी मान्य केली. मात्र वादळात फुटून किनाऱ्याला लागलेलं गलबत आणि त्यावरचा माल परत द्यावा, या कलमाला हरकत घेतली, कारण कोकणचा रिवाज तसा नव्हता. हे मला फार मोलाचं वाटतं. दूताचा मान राखला आणि भांडण कलमाशी केलं!

तूही कलमाशी भांड. १९६१ चा राजनैतिक संबंधांवरचा व्हिएन्ना करार मिळवून वाच. कलम २२ प्रमाणे वकिलातीच्या आवारात परवानगीवाचून शिरता येत नाही, म्हणून तुमच्या मोर्चातला एकही दगड त्या फाटकावर पडता कामा नये. पण कलम ४१ त्याच वकिलांना आपल्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायला मनाई करतं, आणि कलम ९ प्रमाणे कारण न सांगता वकिलाला परत पाठवता येतं. काश्मीरमधले संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक १९४९ पासून आहेत. १९७२ च्या सिमला करारानंतर त्यांचं काम उरलं नाही, ही भारताची जाहीर भूमिका. तरी त्यांना कुणी धक्के मारून काढलं नाही; २०१४ मध्ये दिल्लीतला सरकारी बंगला तेवढा रिकामा करायला सांगितलं.

लाल शाईची ओळ काढ. कुठल्या वकिलाने काय केलं, कुठल्या तारखेला, आणि त्याने कोणतं कलम मोडलं, ते तिथे लिही. लिहिता आलं नाही तर तो परिच्छेद बोलू नकोस. रविवारी मी घरीच आहे. नवं टिपण घेऊन ये, मोठ्याने वाचून दाखव.

तुझा,
गुरुजी