मागे बसणारीलाही हेल्मेट लागतं, ताई

प्रश्न : आम्ही सोलापुरात अशोक चौकाजवळ राहतो. दर गुरुवारी स्कूटरवरून अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला जातो. मालक चालवतात, मी मागे बसते आणि साडेतीन वर्षांची लेक पुढे उभी असते. हेल्मेट एकट्या मालकांना आहे. आम्हा दोघींनाही ते लागतं का? इथल्या उन्हात डोकं नुसतं शिजतं. – एक वाचक

उत्तर : ताई, तुम्हाला लागतंच. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ पुढचा-मागचा असा भेद करत नाही. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट हवं (पगडीधारी शिखांना सूट आहे), आणि पट्टा बांधलेला हवा. पट्टा सुटा असला तर धडकेत हेल्मेट आधी उडतं, मग डोकं आपटतं. तीस वर्षं गॅरेज चालवलं, अशी कोरी हेल्मेटं मोडक्या गाड्यांसोबत आलेली पाहिली आहेत.

लेकीसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला मापाचं हेल्मेट आणि अंगात जाकिटासारखा हार्नेस घालायचा, त्याचे पट्टे चालवणाऱ्याच्या खांद्यांत अडकवायचे. वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. पुढे उभं करणं आजच बंद करा. करकचून ब्रेक लागला की पोरीचं तोंड थेट हँडलवर आपटतं.

आता तुम्हाला न आवडणारं सांगतो. कलम १२८ प्रमाणे चालवणाऱ्याखेरीज एकच माणूस बसवता येतो. अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर, त्यात हंगामात उसाच्या ट्रॉल्या. तिघांनी एसटीनेच जा.

गावात दोघंच फिरताना पदर कमरेला खोचा. माझ्या धाकट्या बहिणीचा पदर विजापूर रोडवर माझ्याच मोटारसायकलच्या चाकात गेला होता. साडी गार्ड मी दिसायला बरं नाही म्हणून काढून ठेवलं होतं. तिच्या कोपरावरचा व्रण आजही मला बघवत नाही. ते गार्ड नियमानेच असावं लागतं, काढू देऊ नका.

उन्हाचं म्हणाल तर फिक्या रंगाचं, हवेला झरोके असलेलं हेल्मेट घ्या, आत पातळ सुती रुमाल बांधा. आयएसआयचा शिक्का पाहूनच घ्या. लेकीला दुकानात सोबत न्या. फ्रॉक घेतो तसं वाढत्या अंगाचं घेऊ नका. पट्टा बांधून तिला मान जोरात हलवायला सांगा, हेल्मेट डोळ्यांवर आलं तर लहान माप मागा.